हगवण म्हणायची लाज

जुलै लागला, ओढ्याला गढूळ पाणी आलं की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर कापडी फलक येतो: ‘अतिसार नियंत्रण’. त्या फलकाखालून कडेवर पोर घेतलेली आई आत जाते आणि सांगते, “सिस्टर, कालपास्नं हगवण लागलीय बघा. पोटात काही ठरत नाही.” सिस्टरही तिच्याशी हगवण, ढाळ, जुलाब याच शब्दांत बोलते. मग ती रजिस्टर उघडते आणि त्यात लिहिते, अतिसार. एकाच इमारतीत तोंडी एक भाषा चालते आणि कागदावर दुसरी. भिंतीवरची भाषा जिच्यासाठी लिहिली, तिच्या घरात ती कोणीही बोलत नाही.

असं का, हे मी पत्रकं तयार करणाऱ्यांना अनेकदा विचारलं आहे. उत्तर बहुधा एकच येतं: ‘हगवण’ छापायला बरं दिसत नाही. म्हणजे लाज लिहिणाऱ्याला वाटते आणि तिची किंमत वाचणाऱ्याचं मूल देतं. आरोग्याची माहिती लोकांपर्यंत पोचली नाही की आपण लोकांच्या अज्ञानाकडे, अंधश्रद्धेकडे बोट दाखवतो. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा चूक सांगणाऱ्याची असते. त्याने ऐकणारीचे शब्द घेतलेले नसतात, आणि सांगून झाल्यावर तिला काय कळलं हे विचारलेलं नसतं. यातली दुसरी चूक जास्त मोठी आहे.

नुसता शब्द बदलून काम भागत नाही. वैद्यकशास्त्रात ज्याला एक नाव आहे, त्याचे घरात चार प्रकार असतात. दात येताना पातळ होतं तो आजार नव्हे, दात आले की थांबेल, असं आजी सांगते. आईच्या खाण्यातून दूध बाधलं तर आईचं पथ्य बदलायचं. नजर लागली असेल तर मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या. आणि खरे जुलाब वेगळे, त्यासाठी दवाखाना. प्रत्येकाचा उपाय ठरलेला आहे. आता जलसंजीवनीची पुडी यातल्या कुठल्या खणात बसते? फार तर शेवटच्या. दात येणाऱ्या मुलाला पुडी द्यायची हे कोणाच्या मनातच येत नाही, आणि ते मूल सुकत जातं. म्हणून फलकावर असं काही लिहायला हवं: दात येताना होवो, दूध बाधून होवो, नजर लागून होवो, दिवसातून तीनदा पातळ झालं की पुडी सुरू करा. या वाक्यात आजीशी भांडण नाही. तिच्या सगळ्या खणांतून एकच वाट काढलेली आहे.

हे मला बांगलादेशाच्या एका अनुभवातून उमगलं. १९७१ च्या युद्धात सीमेलगतच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. औषध सापडलं होतं. राहिलं होतं ते घराघरांत पोचवणं. १९८० पासून पुढची दहा वर्षं फझले हसन आबेद यांच्या ब्रॅक या संस्थेने ते काम केलं. बायका सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि प्रत्येक आईला स्वतःच्या हाताने ‘लोबोन-गुड’ करायला शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. अर्धा शेर मोजायला भांडं कोणाकडे होतं? म्हणून त्या घरातल्याच भांड्यावर खूण करून ठेवली जायची.

या कामाचा सगळ्यात मोलाचा भाग पगाराच्या पद्धतीत होता. शिकवणारीला ‘किती घरांना भेट दिली’ यावर पैसे मिळत नसत. काही दिवसांनी दुसरंच माणूस निवडक घरांत जाई, त्या आईला मुद्दे विचारी, तिच्याकडून पाणी करवून घेई. आईच्या लक्षात जितकं राहिलं असेल, तितका शिकवणारीचा मोबदला. शिकवणाऱ्याच्या कामाचं माप ऐकणाऱ्याच्या डोक्यात आणि हातात शोधायचं, हा विचार मला त्या पाण्याइतकाच मोठा वाटतो.

तरीही सुरुवातीला फसगत झाली. बायकांना सगळं पाठ होतं, पण प्रत्यक्षात पाणी पाजणाऱ्या फारच थोड्या. शोध घेतला तेव्हा कळलं की शिकवणाऱ्यांनी ‘डायरिया’ हा शब्द वापरला होता, आणि गावातल्या बायकांच्या लेखी डायरिया म्हणजे फक्त पटकीसारखे भयंकर जुलाब. रोजच्या पातळ होण्याला, आवेला, अपचनाला वेगळी नावं होती. ती नावं शिकवणीत आलीच नव्हती. आणखी एक गोष्ट समोर आली. शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचा स्वतःचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता, त्यांच्या घरी कोणाला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. शिवाय घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग नावं बदलली, कार्यकर्त्यांना त्या पाण्यामागचं कारण समजावलं, बाजारात आणि मशिदींत पुरुषांशी बोलणी सुरू झाली. हे सगळं घडलं, कारण कोणीतरी परत जाऊन विचारलं होतं.

आपल्या पुडीवर ‘एक लिटर पाण्यात’ असं लिहिलेलं असतं. घरात तांब्या असतो, आणि तांब्या कधी पाऊण लिटरचा, कधी सव्वाचा. पाणी कमी पडलं तर क्षार जास्त होतात आणि लहान मुलाला ते बाधतात. आता बहुतेक घरांत पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली सापडते. ‘ती बाटली धुवा, गळ्यापर्यंत भरा, तेवढ्यात अख्खी पुडी’, हे सांगायला मिनिटही लागत नाही. तीच गत झिंकच्या गोळीची. ती १४ दिवस द्यायची असते आणि जुलाब दोन-तीन दिवसांत थांबतात. थांबल्यावर औषध कशाला, हा आईचा विचार अगदी सरळ आहे. ‘१४ दिवस द्या’ एवढं सांगून भागत नाही. ‘आजचे जुलाब पुडी सांभाळेल, गोळी पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब टाळते’ असं सांगितलं की चौदावा दिवस येतो.

मराठीला हे जमलंच नाही असं नाही. उलट फार जुन्या काळी फार चांगलं जमलं होतं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली. पुढे ही लस गावोगाव गेली तेव्हा भाषेने तिला नाव दिलं, ‘देवी काढणे’. टोचणारा झाला ‘देवी डॉक्टर’. माझी आजी दंडावरचा वाटोळा वण दाखवून म्हणायची, “माझ्या देवी काढल्यात.” ज्या देवीचा कोप म्हणून आजार ओळखला जाई, तिच्याच नावाने लसही घरात आली. आजीने देवीचा टाक देव्हाऱ्यातून काढला नाही आणि नातवंडांच्या देवी काढायलाही ती चुकली नाही. कुणा भाषातज्ज्ञाच्या समितीने तो शब्द घडवला नव्हता. टोचणारा आणि टोचून घेणारा यांच्या बोलण्यातून तो आला. लस म्हणजे काय हे त्या काळच्या बायकांना कळलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर त्या शब्दातच आहे.

त्याच शतकाच्या शेवटी याच्या अगदी उलट घडलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, आणि मार्चमध्ये पुण्यात प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याचे गोरे सोजीर घराघरांत शिरले. माजघर, देवघर काही न बघता झडत्या झाल्या, माणसं उचलून नेली, सामान जाळलं गेलं. लोकांनी रुग्ण लपवले, रात्रीतून गाव सोडलं, आणि गाव सोडणाऱ्यांबरोबर प्लेगही पसरला. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रोग उंदरांवरच्या पिसवांतून येतो हे तेव्हा डॉक्टरांनाही नीट माहीत नव्हतं, त्यामुळे शास्त्र चुकलं याचा दोष मी देत नाही. पण लोकांना काहीही न सांगता, फक्त हुकमाने साथ आटोक्यात येईल हा समज त्या काळीही चूकच होता. त्याच मार्चच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा यशवंतराव यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या आणि त्यांनाच प्लेगने गाठलं. एका बाजूला सोजीर आणि दुसऱ्या बाजूला पाठीवर मूल घेतलेली बाई. पुण्याच्या लोकांनी कोणाकडे आपला रुग्ण विश्वासाने दिला असेल, हे सांगायला नको.

आणि २०२० साली करोनाच्या साथीत आपण काय केलं? एका फलकावर ‘विलगीकरण’ होतं, दुसऱ्या परिपत्रकात ‘अलगीकरण’. एक आजारी माणसासाठी, दुसरा आजारी माणसाच्या संपर्कात आलेल्यासाठी. कुठला कोणाचा हे लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात राहिलं नाही, बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येत. लोकांनी आपली सोय केली आणि ‘त्याला क्वारंटाईन केलंय’ म्हणू लागले. त्याहून मनाला लागलेला शब्द ‘सामाजिक अंतर’. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्यापासून अंतर राखलं गेलं, ज्यांना विहिरीवर पाणी वरून ओतलं गेलं, त्यांच्या वस्तीत जाऊन सरकारी गाडीचा भोंगा ओरडत होता, सामाजिक अंतर पाळा. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘सोशल’ऐवजी ‘फिजिकल’ अंतर म्हणायला सुरुवात केली होती. आपल्याकडे ‘दोन हात लांब उभं राहा’ हे वाक्य प्रत्येक मराठी माणसाला जन्मापासून येतं. ते सुचलं नाही, कारण मूळ शब्द दुसऱ्या भाषेतून आला आणि त्याचा फक्त तर्जुमा झाला.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम करताना त्यांच्यापुढे प्रश्न होता की दाईला तो ओळखता कसा येणार. श्वास मिनिटाला किती यावरून तो ओळखतात: दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा अधिक, वर्षापर्यंतच्या मुलात ५० किंवा अधिक. दाईकडे घड्याळ नव्हतं आणि दहा-बाराच्या पुढे मोजण्याची सवय नव्हती. अशा वेळी दोन वाटा असतात: दायांना आधी अंक शिकवायचे, किंवा दाया नालायक ठरवून डॉक्टरची वाट पाहायची. बंग दांपत्याने तिसरी काढली. मण्यांची पाटी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. शंभरापर्यंतचे अंक न येणारी बाई ते निदान करू लागली, जे शिकलेल्या माणसाकडूनही घाईत चुकतं. आणि आजाराचं नाव आयांना समजावताना गावातले ‘डबा’ आणि ‘लहाक’ हेच शब्द कामाला आले.

पुढे त्याच गडचिरोलीत गावातल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला आणि मग ती पद्धत देशभर आशा कार्यकर्तींच्या कामात आली. सुरुवातीला कोणीतरी दाईला तिच्या मोजण्याच्या सवयीसकट गंभीरपणे घेतलं होतं, तिथून हे सगळं निघालं.

आता या विषयातला मला सर्वांत त्रास देणारा भाग. सोपी भाषा सत्याचीच असते असं नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली होती. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे सहातली एक. त्या सुमाराच्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. यामागे उचल आहे, मुकादम आहे, खाडा पडला तर कापले जाणारे पैसे आहेत, कोप्यांवर न्हाणीघर नसणं आहे, कमी वयातली लग्नं आणि बाळंतपणं आहेत. पण अनेक जणींनी सांगितलेला एक धागा सारखा पुढे येत राहिला. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून त्या खाजगी दवाखान्यात गेल्या आणि त्यांना सांगितलं गेलं: पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका.

ही वाक्यं बघा. एकही शब्द अनोळखी नाही. ‘गर्भाशय’ नाही, ‘पिशवी’ आहे. काय झालंय, काय होईल, काय करायचं, तिन्ही गोष्टी एका दमात आहेत. याच विषयावरच्या सरकारी पत्रकाचं शीर्षक असतं, ‘गर्भाशय मुखाचा कर्करोग: लक्षणे व प्रतिबंध’. खोटं बोलणाऱ्याने बाईच्या बोलीत बोलायचे कष्ट घेतले आणि खरं सांगणाऱ्याने घेतले नाहीत. पांढरं जाणं बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होतं, पिशवी काढायची गरज पडते ती फार थोड्यांना, आणि तरुण वयात बीजकोशही काढले तर हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग आग होते, हे तिला तिच्या शब्दांत कोणी सांगितलं होतं? भाषा बदलली असती तर त्या सगळ्या वाचल्या असत्या असा माझा दावा नाही, कर्ज आणि कोयता शब्दांनी सुटत नाही. पण ‘नको, आधी गोळ्या द्या’ एवढं म्हणायची ताकद काही जणींना मिळाली असती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. लोकांचे शब्द नेहमी योग्य नसतात. कुष्ठरोगाला ‘महारोग’ म्हणत, तो शब्द आपण सोडला, कारण त्या शब्दाबरोबर माणूसही घराबाहेर टाकला जाई. सोडला हे योग्यच केलं. ‘डबा’ म्हणजे दर वेळी न्यूमोनियाच असतो असंही नाही. तेव्हा लोकांचा शब्द डोळे मिटून उचलावा असं मी म्हणत नाही. पण शब्द टाकायचा असेल तर त्याने माणूस दुखावतो म्हणून टाका. आपल्या कागदाची शोभा जाते म्हणून टाकू नका. पर्यायही तोंडी रुळेल असा द्या. कुष्ठरोगाच्या मोहिमेतलं ‘न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा’ हे वर्णन मला आजही आदर्श वाटतं, ते ऐकून माणूस सदऱ्याखाली स्वतःची पाठ चाचपतो. याउलट ‘रक्तक्षय’. हा शब्द ऐकून क्षयाच्या भीतीने घाबरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. ‘अंगात रक्त कमी आहे’ या चार शब्दांत काय उणं होतं?

आणि हे झालं मराठी बोलणाऱ्यांचं. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, भामरागडची माडिया द्रविड कुळातली. मराठी पत्रक सोपं केलं म्हणून ते धारणीच्या पाड्यात उतरत नाही, आणि कोरकूत छापलं तरी वाचणार किती जण? तिथे माहिती तोंडानेच जाते, आणि कोणाच्या तोंडाने, यावर सगळं अवलंबून असतं. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर डागण्या देतात, त्याला ‘डम्मा’ म्हणतात. वर्तमानपत्रांनी त्याला अघोरी प्रथा म्हणून मथळे दिले. ते मथळे कोरकू आईने वाचले नाहीत. ज्या भुमकाकडे, म्हणजे पाड्यातल्या वैदूकडे, ती बाळ घेऊन जाते, त्यालाच सोबत घेऊन ‘अशा बाळाला दवाखान्यात पाठव’ असं सांगण्याचे प्रयत्न पुढे झाले. पटकन फळ देणारी ही वाट नाही, पण आईच्या पायवाटेवरूनच ती जाते. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. शिकवायला आठ भाषा लागतात हे ज्या शहराला मान्य आहे, त्या शहरातल्या दवाखान्याच्या खिडकीवरची सूचना किती भाषांत आहे, हे पुढच्या वेळी गेलात तर जरूर पाहा.

आपल्याकडे हे सगळं रोज निभावणारी व्यक्ती आहे, आशाताई. ती पाड्याची, वस्तीची, तिथलीच सून किंवा लेक. पत्रकातला ‘अतिसार’ तिच्या तोंडून ‘हगवण’ होतो, ‘लोहयुक्त गोळी’ची ‘लाल गोळी’ होते. पण या भाषांतराचा तिला एक पैसा मिळत नाही. पुड्या वाटल्या, बाईला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं, तक्ता भरला, याचा मोबदला ठरलेला असतो. आईला पाणी करता आलं का, झिंकची गोळी चौदाव्या दिवशी दिली गेली का, हे कोणी मोजत नाही. ठरलेला मोबदलाही वेळेवर आणि वाढवून मागण्यासाठी तिला रस्त्यावर बसावं लागतं, आणि तिला ठाऊक असलेले शेकडो शब्द कुठल्याच कार्यालयात नोंदले जात नाहीत.

डॉक्टरांनो, परिचारिकांनो, “कळलं का?” हे विचारणं सोडा. या प्रश्नाला मोठ्या माणसासमोर आपल्याकडे प्रत्येक जण “हो” म्हणतो, ते “हो” आदराचं असतं. त्याऐवजी म्हणा, “घरी सासूबाई विचारतील डॉक्टर काय म्हणाले, तर त्यांना काय सांगाल?” आणि ती सांगेपर्यंत थांबा. रांग मोठी आहे हे मला माहीत आहे. तरीही थांबा. आणि जिल्हा परिषदेत, मंत्रालयात पत्रकं लिहिणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या पावसाळ्याचा फलक छापायला टाकण्याआधी त्याचा मसुदा दहा गावांच्या आशाताईंना द्या, सोबत लाल पेन द्या, आणि त्या जो शब्द खोडतील तो मुकाट्याने बदला.